सॅड ७

१२ सप्टेंबर २००४

आज पुन्हा नीलेशशी भांडले. केबल चॅनेलच्या नोकरीला लागून जेमतेम महिना झाला असेल.

सकाळी नदीकाठच्या वस्तीतल्या बायका रिकामी मडकी घेऊन नगर परिषदेवर आल्या. कितीतरी दिवस नळ नाही. फाटकासमोर एकेकीनं मडकं आपटलं आणि आपटताना कुणा ना कुणा नगरसेवकाचं नाव घेतलं. असं काही मी कधी पाहिलं नव्हतं. हिंगणघाटात कॅमेरा फक्त आमचा होता. मी धावत ऑफिसात येऊन बातमी लिहिली. संध्याकाळी ‘वणा वार्ता’ लावून पाहते तर बायकांची तोंडं हलताहेत, मडकी फुटताहेत आणि आवाज मात्र सिनेमातल्या पाठलागाचा. ढँग ढँग ढँग.

‘ओरिजिनल आवाज फाटून राह्यलता मॅडम,’ नीलेश म्हणाला. ‘म्हनून टेन्शन तीन टाकलं.’

टेन्शन तीन! नीलेश आमचं एडिटिंग करतो. नागपूरहून आणलेल्या सीड्या त्यानं कॉम्प्युटरमध्ये भरून ठेवल्या आहेत. त्यात तयार संगीताचे तुकडे आहेत. चोरी झाली की सस्पेन्स, उद्घाटन असलं की हॅप्पी, अपघात झाला की टेन्शन, कुणी गेलं की सॅड. डबा उघडायचा, चमचाभर काढायचं, वरून टाकायचं. पुलगावची आग असो की वर्ध्याचा मोर्चा, सगळ्यांची चव एकच.

‘त्या बायांनी नावं घेतली होती,’ मी म्हटलं.

‘म्हनूनच तर आवाज फाटला,’ तो म्हणाला आणि फिदीफिदी हसला.

मी गजेंद्रभाऊंकडे गेले. चॅनेल त्यांचं, खाली टीव्ही-फ्रिजचं दुकानही त्यांचंच. ते म्हणाले, ‘हर्षाताई, म्युझिक नसलं त लोक समजतात टीव्ही बिघडला.’

घरी कुणाला सांगणार? आमच्या घरात मी पहिली बी.ए. आईला वाटतं, टीव्हीत काम म्हणजे पंख्याखाली बसणं. बाबा नवरत्न बँडचे मास्टर, क्लॅरनेट वाजवतात. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘मडक्याचा आवाज चांगला अस्ते.’ बस, एवढंच.

२९ सप्टेंबर

पितृपक्ष लागला आणि गजेंद्रभाऊंना कल्पना सुचली. रोज संध्याकाळी बातम्यांनंतर ‘श्रद्धांजली’. गेलेल्या माणसाचा फोटो, हार, नाव, गाव, शोकाकुल परिवार. घरच्यांनी फोटो आणून द्यायचा आणि जाहिरातीसारखे पैसे भरायचे. मरणाचीसुद्धा जाहिरात! मी तोंडावर म्हटलं तसं. ते म्हणाले, ‘पेपरवाले छापतात तवा तुमाले चालते.’ ते खरं होतं, याचाच जास्त राग आला.

मग म्हणाले, ‘तुमाले म्युझिकची लय समज आहे ना? तुमीच निवडा.’

मी निवडायला बसले ते त्यांना खोटं पाडायलाच. सॅडच्या फोल्डरमधलं सगळं ऐकलं. व्हायोलिन, व्हायोलिन, पियानो, एका बाईचं आ-आ-आ, पुन्हा व्हायोलिन. सगळं असं की रडणारा माणूस एका डोळ्यानं आरशात बघतो आहे. मग सॅड ७ लागलं. मागे तेच गुळमट व्हायोलिन, पण पुढे क्लॅरनेट. संथ, थोडं खरखरीत. सूर वर चढताना वाजवणाऱ्यानं मध्येच दम घेतला आहे आणि तो दम ऐकू येतो. पुसायचा राहून गेला असणार.

मी हेडफोन काढून बसून राहिले. हे मुंबईतल्या गार खोलीतलं वाटत नाही. कुठंतरी ऐकल्यासारखं वाटतं, आणि आठवायला गेलं की निसटतं.

‘काय झालं मॅडम, कोन मेलं?’ नीलेश.

मी म्हटलं, हेच लावायचं. दुसरं काही लावलंस तर याद राख.

७ ऑक्टोबर

बाबा माझं काम बघत नाहीत.

बातम्या बघतात. श्रद्धांजली सुरू झाली की उठतात. पहिल्या दिवशी वाटलं पाणी प्यायला उठले. काल चप्पल घालून बाहेर गेले, आज ओसरीत उगाच सायकलची चेन बघत बसले. मी मुद्दाम म्हटलं, ‘बाबा, हे संगीत मी निवडलं आहे. क्लॅरनेट आहे, ऐका तरी.’ ते म्हणाले, ‘ऐकलं बाई.’ आईनं टीव्हीचा आवाज कमी केला.

मला शिकवायचं, कॉलेजात पाठवायचं, आणि काम करायला लागल्यावर बघायचंही नाही. पोरगी पुढे गेलेली बापांना सहन होत नाही असं आमच्या कॉलेजातल्या मॅडम सांगायच्या. तेव्हा वाटायचं, माझे बाबा तसे नाहीत.

२५ ऑक्टोबर

दसरा झाला. श्रद्धांजली गावात गाजते आहे. लोक फोटो घेऊन जिना चढतात आणि म्हणतात, ‘थेच गानं लावजा, टी टी टीवालं.’ काल एका म्हाताऱ्या बाई स्वतःचाच फोटो घेऊन आल्या, आत्ताच ठेवून घ्या म्हणाल्या, मागून पोरं कोणता काढतील भरवसा नाही. नीलेश टेबलाखाली जाऊन हसला. मला हसू आलं नाही. माझ्या निवडीवर लोक मरायला तयार आहेत म्हणून थोडा अभिमान मात्र वाटला. लिहायला लाज वाटते पण वाटला.

बाजारात पोरं कुणी आजारी दिसलं की तोंडानं ती चाल वाजवतात. रिक्षावाले गाडी बंद पडली की वाजवतात.

आज जेवताना बाबा म्हणाले, ‘बाई, तुह्या आफिसात दुसरं गानं नाई का?’

मी विचारलं, ‘काऊन? वाईट आहे का हे?’

‘वाईट नाई.’

‘मग?’

‘लग्नसराई येऊन राह्यली,’ एवढं म्हणून ते ताटातला भात गोळा करत बसले.

लग्नसराईचा काय संबंध? मी त्यांना समजावून सांगितलं की हा कार्यक्रम आमच्या चॅनेलची ओळख झाला आहे आणि एखादी गोष्ट लोकांच्या मनात बसायला सातत्य लागतं. आई म्हणाली, ‘हो वो, तुलेच सगळं समजते.’ तिचा हा सूर मला अजिबात आवडत नाही.

१८ नोव्हेंबर

दिवा मालवायला आई दोनदा सांगून गेली. तरी लिहिते.

आज दुपारी कवडूकाका भेटले. बँडात ढोल वाजवतात, माझ्या जन्माआधीपासून बाबांबरोबर आहेत. चहाच्या टपरीवर होते. मी विचारलं, ‘काका, आता तुळशीची लग्नं झाली की तुमची धामधूम, नाही?’ ते म्हणाले, ‘धामधूम त आहे. पन तुह्या बापानं बिदाईचं बंद केलं ना.’

‘कोणतं बिदाईचं?’

‘काय बोलतं वो पोट्टे? जे तुमी रोज मुर्द्याले वाजवता थे.’

मी काहीतरी बोलले असेन. ते माझ्याकडे बघतच राहिले. म्हणाले, ‘तुले मालूम नाई? अवं, थो वाजवनारा तुहा बापच होय.’

चाल बाबांची. त्यांनी स्वतः बसवलेली. मुलगी मांडवातून निघाली की फाटकापासून पुढे वाजवायची. मी कधी ऐकली नाही कारण आमच्या घरच्या बायका वरातीत नसतात, आणि बाबा घरी वाजवत नाहीत. क्लॅरनेट बाजारातल्या बँडच्या खोलीत असते. कधीतरी लहानपणी त्या खोलीच्या बाहेरून ऐकली असेल तेवढीच.

नागपूरच्या एका लग्नात कुणा स्टुडिओवाल्यानं ती ऐकली आणि बाबांना बोलावून नेलं. नऊ-दहा वर्षं झाली त्याला. गाडीभाडं दिलं, जेवू घातलं, चार-पाच चाली वाजवून घेतल्या. त्यानंतर कोण, कुठं, काही नाही. तो दम माझ्या बापाचा आहे. स्टुडिओवाल्यांनी चालीची गती संथ केली, खाली व्हायोलिन ओतलं आणि नाव ठेवलं सॅड ७. बिदाईला माणसं रडतात, म्हणून सॅड! ज्यानं हे नाव दिलं त्यानं कधी मांडव पाहिला असेल का? पोरगी सासरी जाते तेव्हा आई रडते आणि त्याच हातानं तिची ओटी सारखी करते. याला सॅड म्हणतात?

आणि दिवाळीआधी एका साक्षगंधात, अंगठ्या घालून झाल्यावर, कुणाच्या फर्माइशीवरून बाबांनी ती धरली तर कुणी मावशी ओरडली, ‘हे त मयतीचं होय, बंद करा.’ तेव्हापासून बाबांनी ती चाल सोडली. सिनेमाची गाणी वाजवतात.

संध्याकाळी मी विचारलं, ‘मला सांगितलं का नाहीत?’

‘तू कौतुकानं लावलं होतं,’ बाबा म्हणाले.

‘तुम्ही काही सही केली होती का तिथं?’

‘केली असन. आठवत नाई.’

‘बाबा, ही चोरी आहे.’

‘जेवू घातलं त्याइनं,’ बाबा म्हणाले. मला इतका राग आला की ताटावरून उठले.

२० नोव्हेंबर

सीडीच्या कव्हरवर मुंबईच्या कंपनीचा नंबर होता. एसटीडी बूथवरून फोन लावला. पलीकडचा माणूस हिंदीत म्हणाला, मॅडम, हे लायब्ररी म्युझिक आहे, एकदा घेतलं की कुठंही वापरा, यात वाजवणाऱ्याचं नाव नसतं. मी विचारलं, का नसतं? तो खरोखर गोंधळला. म्हणाला, नाव असतं तर मग ते कुणाच्याही गोष्टीत कसं बसणार?

मी फोन ठेवून बूथमध्येच उभी राहिले. बाहेरचा माणूस काच वाजवत होता.

मग गजेंद्रभाऊंकडे गेले. म्हटलं, माझ्या ज्या बाबांच्या श्वासावर तुमचा कार्यक्रम चालतो त्यांचं नाव रोज पडद्यावर यायला हवं. नाहीतर मी उद्यापासून येणार नाही. मला वाटलं होतं ते चिडतील. ते खूश झाले! ‘आपल्याच गावचा मानूस? आपल्याच नत्थूजीचं वाजवनं? हे त पयले सांगाचं ना ताई!’ नीलेशला हाक मारून म्हणाले, ‘नाव टाक मोठ्या अक्षरात. बँडचा फोन नंबरबी टाक. फुकटात अ‍ॅड होऊन जाईन त्याइची.’

इतकं सोपं होतं. मागितल्याशिवाय मिळत नाही, हेच खरं. पिढ्यान्‌पिढ्या आपण मागितलं नाही.

बाबांना सांगितलं. ते म्हणाले, ‘राहू दे ना बाई. नाव कायले पाह्यजे?’

मी म्हटलं, ‘पाहिजे. तुम्हाला नको असेल तर मला पाहिजे.’

ते ओसरीत जाऊन बसले. आयुष्यभर दुसऱ्याच्या दारात उभं राहून वाजवलं की माणसाला आपलं नाव घ्यायचीही भीती वाटते. ही भीती मीच घालवणार.

२४ नोव्हेंबर

तुळशीचं लग्न. आणि आजच बाबांचं नाव टीव्हीवर आलं.

कुणा निवृत्त मास्तरांचा हार घातलेला फोटो, आणि खाली पिवळ्या अक्षरात: ‘वादक: श्री. नत्थूजी, नवरत्न बँड, हिंगणघाट’ आणि नंबर. मी बाबांना हाताला धरून टीव्हीसमोर बसवलं, उठू दिलं नाही. श्री. लावायला मीच सांगितलं होतं. आजवर त्यांना कुणी श्री. लावला नव्हता. त्यांनी ते वाचलं. हळूहळू, एकेक अक्षर. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, पदर तोंडाला लावून.

बाबांनी अर्ध्यावर जेवण टाकलं. आनंदानं गेलं नसेल.

६ डिसेंबर

बँडच्या खोलीत कुणी पोरं फोन करून विचारतात, ‘मयतीचा भाव काय? मुर्दा हळू नेला त कमी का?’ मी स्वतः एक फोन घेतला आणि असं झापलं की पलीकडून रिसीव्हर पडल्याचा आवाज आला. गावात टवाळ कमी नाहीत. नाव झालं की हे चालायचंच.

१४ डिसेंबर

लीलाबाई आल्या होत्या, मागच्या आळीतल्या. त्यांच्या मुलीचं लग्न पौष सरला की आहे. बँड बाबांचा ठरला होता. ओसरीत बसल्या, चहा घेतला, थंडीबद्दल बोलल्या, आमच्या कढीपत्त्याच्या झाडाचं कौतुक केलं. मग म्हणाल्या, ‘भाऊजी, माह्यं काई नाई हो. पन व्याही म्हनून राह्यले, श्रद्धांजलीवाला बँड नोको. त्याइच्या घरी बुढी आहे. वरात पाहून घाबरन ना ते.’

मी आतून बाहेर आले. म्हटलं, ‘मावशी, तुमच्या दोन्ही पोरांच्या लग्नात कोणी वाजवलं होतं?’

‘तुह्या बापानंच.’

‘दोघांचे संसार नीट चालले आहेत ना? मग बाबांच्या बँडमध्ये मरण कुठून आलं?’

‘टीव्हीत लिहून येते ना रोज,’ त्या अगदी साधेपणानं म्हणाल्या.

बाबा मला म्हणाले, ‘बाई, आत जा.’ त्यांनी लीलाबाईंना फाटकापर्यंत सोडलं, ‘लग्न चांगलं करजा’ म्हणाले. एकविसावं शतक लागलं आणि ही माणसं अजून अशीच आहेत. यांच्यासाठी बातम्या लिहायच्या!

९ जानेवारी २००५

पुलगावचं लग्न गेलं. वर्ध्याचं गेलं. बोरगाव मेघेच्या लोकांनी तर कळवलंसुद्धा नाही. बँड गाडीत बसून तिथं पोचला तर मांडवात दुसरा बँड वाजत होता. सगळी लाल कोट घातलेली माणसं रस्त्यावर उभी राहिली आणि परत आली.

मी संतापून आईला म्हटलं, ‘लोक अडाणी आहेत.’

आई भाकरी थापत होती. थांबली नाही. म्हणाली, ‘लोकाइले पयले मालूम नवतं कोन वाजवते थे. गानं बंद केलं, काम चालू होतं. मंग कोनी सांगतलं त्याइले?’

‘म्हणजे?’

‘भाकर खाय,’ ती म्हणाली.

मी जेवले नाही. आई शिकलेली नाही, तिला हक्क म्हणजे काय ते कळत नाही. नाव देणं चूक असूच शकत नाही. चूक त्या कंपनीची आहे, ज्यानं सॅड लिहिलं त्याची आहे, गजेंद्रभाऊंची आहे, लीलाबाईंच्या व्याह्यांची आहे. मी पुन्हा पुन्हा मोजून पाहिलं, माझ्याकडे काही येत नाही.

तरी झोप लागत नाही.

१७ जानेवारी

कवडूकाका पुलगावच्या बँडात गेले. जाताना ढोलाची जुनी वादी बाबांकडून मागून घेतली. बाबांनी स्वतः आवळून दिली. काका मला म्हणाले, ‘रागावू नोको पोरी, पोटाचं आहे.’ मी तोंड फिरवलं. आता वाटतं बोलायला हवं होतं.

१९ जानेवारी

ऑफिसात गेले आणि गजेंद्रभाऊंना म्हटलं, नाव काढा. संगीतही काढा. आजच्या आज.

‘काढा? तुमीच त भांडल्या ताई.’

‘हो. आता काढा म्हणते.’

‘नाव काढतो,’ ते म्हणाले. खरंच काढायला लावलं, त्यात त्यांचं काही जात नव्हतं. ‘म्युझिक नाई काढत. लोक म्हनतात, थे नसलं त आमच्या मानसाले श्रद्धांजली भेटलीच नाई.’

‘ते मरणाचं नाही. ते बिदाईचं आहे.’

‘आता मरनाचंच आहे ताई,’ ते म्हणाले. त्यांच्या आवाजात जराही वाकडेपणा नव्हता, एखाद्या फ्रिजची वॉरंटी संपली सांगावं तसं.

मी नीलेशच्या कॉम्प्युटरवर बसले आणि सॅड ७ पुसून टाकलं. नीलेश शांतपणे बघत होता. मग त्यानं खणातून सीडी काढली. ‘टाकू का परत, का अजून थोडा वेळ बसता?’

मी सीडी त्याच्या हातातून घेऊन टेबलाच्या काठावर मोडली. तुकडा अंगठ्यात घुसला. तो घाबरला आणि खरंच काळजीनं म्हणाला, ‘मॅडम, दुकानात दुसरी भेटते हो.’

नोकरी सोडली. की त्यांनी काढलं, ते नीट कळलं नाही. संध्याकाळी श्रद्धांजली लागली. तीच चाल होती.

२६ फेब्रुवारी

लिहायला काही नाही. गावात लग्नंच लग्नं. रस्त्यानं दुसऱ्यांचे बँड जातात तेव्हा बाबा घरात बसून बोटं मांडीवर हलवतात. मी बघते आहे असं दिसलं की थांबवतात.

टीव्हीवर नाव नाही, पण आता नावाची गरजही उरली नाही. पोरं बाबांना बघून शिट्टी वाजवतात.

१३ मार्च

सकाळी उजाडताच दाराशी सदाशिवराव उभे होते. कापड लाइनमध्ये त्यांचं दुकान आहे. एवढा मोठा माणूस, आणि पायात चप्पल नव्हती. म्हणाले, ‘नत्थूजी, आमची वच्छला गेली.’

बाबा उठून उभे राहिले.

‘रोज पाहे थे तुमचं. सांगून ठेवलं होतं मले. म्हने, माह्या वेळेले टीव्हीत नोको, त्या मानसालेच बलावजा. अंगनातून निघतानी वाजवन म्हना.’

माझा तोल गेला. म्हटलं, ‘आमचा लग्नाचा बँड आहे. मयतीचा नाही. तुमच्यासारख्यांनी आमची सराई बुडवली. मागच्या महिन्यात तुमच्या पुतण्याचं लग्न होतं ना? तेव्हा का नाही आठवलं बोलवायला?’

सदाशिवराव मान खाली घालून म्हणाले, ‘खरं आहे बाई.’ आणि तिथंच उभे राहिले. 

आईसुद्धा म्हणाली, ‘नोका जाऊ हो. आज गेले त कायमचे मयतीचे होसान.’

बाबांनी तोंड धुतलं. बँडच्या खोलीत जाऊन क्लॅरनेट आणली. आईला विचारलं, ‘लाल कोट घालू का साधा सदरा?’ आई रडायला लागली. त्यांनी साधा सदरा घातला.

मी म्हटलं, ‘बाबा, तुम्ही त्यांना माफ केलं?’

‘माफ कायचं? घरी येऊन, नाव घेऊन कोनी म्हनलं, तू वाजव,’ बाबा म्हणाले. ‘पयल्यांदा म्हनलं.’

मी मागोमाग गेले. कशाला ते माहीत नाही. भांडायलाच बहुतेक.

अंगणात गर्दी होती. वच्छलाबाईंना हिरवं लुगडं नेसवलं होतं, कपाळभर कुंकू, ओटी भरलेली. सवाष्ण गेल्या होत्या. तिरडी उचलली आणि बाबांनी सुरुवात केली. मी दचकले. ही चाल ती नव्हतीच. टीव्हीवरची सरपटते, ही चालत होती. पाय उचलावा इतकी. लोक एकमेकांकडे बघायला लागले. सदाशिवरावांचा मोठा मुलगा पुढून वळला, कपाळाला आठ्या, आणि त्यानं हात खाली-वर केला: हळू, हळू. मग सरळ पंजा दाखवला. थांबा.

बाबांचं लक्ष नव्हतं. डोळे मिटलेले होते.

एक बाई माझ्या शेजारी पुटपुटली, ‘हे थे नाई.’ दुसरी, फार म्हातारी, म्हणाली, ‘थेच होय वो. हे त लेकीचं होय. माह्या लेकीच्या वेळी वाजवलं होतं यानं.’ आणि पदर तोंडात कोंबून रडायला लागली. खांदा देणारे निघाले. त्या चालीवर रेंगाळताच येत नव्हतं.

बायका रस्त्याच्या मोडापर्यंतच जातात. मी तिथं थांबले. बाबा पुढे गेले, नदीच्या वाटेनं, आणि तेव्हा पहिल्यांदा कळलं की सॅड ७ जिथं संपून पुन्हा पहिल्यापासून लागतं, तिथं चाल संपतच नाही. पुढे वळते. खाली येते, थांबते आणि एकदम दुसऱ्याच सुरात उघडते, दार उघडावं तशी. ते मी आयुष्यात कधी ऐकलं नव्हतं. कापसाच्या जिनिंगच्या यंत्रांचा आवाज वाटेत आला तोपर्यंत ऐकत राहिले. तिच्याखाली बाबांचं नाव लागावं म्हणून भांडले होते मी. मला ती चालही पूर्ण माहीत नव्हती.

बाबा आंघोळ करून बसल्यावर विचारलं, ‘पुढचं ते काय होतं?’

‘थे पोरगी सासरी पोचली की वाजवाचं. त्याइच्या दारात.’

‘मग नागपूरला तेवढं का नाही वाजवलंत? ते असतं तर कुणी सॅड म्हटलंच नसतं!’ मी ओरडलेच. इतक्या महिन्यांचा राग एकाच ठिकाणी आला आणि तोही त्यांच्यावरच.

बाबा ओल्या फडक्यानं क्लॅरनेटचं तोंड पुसत होते. म्हणाले, ‘वाजवनार होतो ना. काचेमागून त्या मानसानं हात केला, बस म्हनून. मी थांबलो.’

फडकं दोरीवर टाकायला उठले. माझ्याकडे पाठ करून म्हणाले, ‘आजबी त्या पोरानं हात केलता. म्या पाह्यलंच नाई.’